वात बाहेर जाता कामा नये

“जठे चप्पल बाहेर काढनी पडस ना छाया, तठे सही करू नको.”

लोटूआप्पा हे बोलले तेव्हा छाया दोरीवरचे कपडे काढत होती, आणि ती हसली. मनातल्या मनात नव्हे, चांगली दात दिसतील अशी हसली. आप्पा शेजारच्या खोलीतले. उधन्याच्या एका मिलमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं काढली, मिल बंद पडल्यावर आणखी सहा वर्षं तिच्या फाटकासमोर काढली, आणि या बत्तीस वर्षांत त्यांचा कागदावरचा विश्वास असा काही उडाला होता की ते रेशनकार्डसुद्धा मागून-पुढून तपासून मगच हातात घेत. “चप्पल पायमा ऱ्हायनी तं मानूस उठीसन चालू लागस,” आप्पांनी खुलासा केला. “अनवाणी मानूस पहिले चप्पल धुंडस. तोवर सही व्हई जास.”

छाया बी.ए. होती. मानसशास्त्र, अमळनेर, उच्च द्वितीय श्रेणी. सातवी शिकलेल्या माणसाने बी.ए. झालेल्या बाईला कागदाबद्दल सावध करावं, याची तिला तेव्हा गंमत वाटली. ती गंमत आता वाटत नाही. आता फक्त दमायला होतं.

मुळात तिला सही करायचीच नव्हती. तिला कडी हवी होती.

कडीचं असं की, गोडादऱ्यातली त्यांची खोली अगदी रस्त्याला लागून. रस्त्यावरून साड्यांच्या गाठोड्यांनी फुगलेले टेम्पो, कडेला उघडी गटार, गटारीपलीकडे लूमचं खातं, म्हणजे कापड विणायचा कारखाना, आणि खात्यात दिवसरात्र फिरणारे पट्टे. आणि या सगळ्याच्या मधोमध तीन वर्षांची हेतल, जिला एका जागी उभं राहणं हा स्वतःचा अपमान वाटे. (हेतल हे नाव धर्मेंद्रने, म्हणजे छायाच्या नवऱ्याने ठेवलं. सुरतेत पोरीला परकं वाटू नये म्हणून. पारोळ्याची आजी तिला अजून ‘हातल’च म्हणते.) छाया भाकरी थापताना एक डोळा तव्यावर आणि एक दारावर ठेवी, आणि त्यामुळे त्या घरात चार वर्षांत एकही भाकरी दोन्ही बाजूंनी सारखी भाजली गेली नव्हती. धर्मेंद्र खात्यात मास्तर, म्हणजे लूम चालते ठेवणारा. बारा तास खटखट ऐकून घरी आला की तो कुठल्याही प्रश्नाला मोठ्याने “हां!” म्हणे, आणि त्या ‘हां’चा अर्थ छायाने लावून घ्यायचा.

अशात तिला कळलं की नवागामला श्री घृतदीप सेवा मंडळाचं बालमंदिर आहे. ती बघायला गेली. घृतदीप म्हणजे तुपाचा दिवा. मंडळाच्या मोठ्या दालनात छातीएवढ्या उंचीची पितळी समई, आणि तिच्यात अकरा वर्षं अखंड तेवणारी ज्योत. बाहेर भिंतीवर काळा फळा, त्यावर रोज सकाळी खडूने आकडा बदलायचा: ‘अखंड ज्योतीचा दिवस ४०१९ वा.’ लोक फळ्यालाच आधी हात जोडत. पण छायाला ना फळा दिसला, ना ज्योत. तिला फाटक दिसलं. सहा फुटी लोखंडी फाटक, आणि त्याला मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर कडी. हेतल टाचा उंचावून, बादली उपडी घालून, काहीही करून तिथवर पोचणं शक्य नव्हतं. छायाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी उभ्या असलेल्या बाईला वाटलं, दर्शनाने आलं.

बालमंदिर फुकट होतं. अट एवढीच की आईने रोज दोन तास सेवा करायची. सेवा म्हणजे समईसाठी आणि भाविकांना वाटायच्या पुड्यांसाठी कापसाच्या वाती वळायच्या. आणि हो, एक छोटासा कागद.

“काऊन वं छाया, वाती वळाले कागद कायले लागते?” समोरच्या खोलीतल्या इंदुबाईंनी विचारलं. त्या अकोल्याकडच्या. त्यांना ‘घृतदीप’ म्हणता येत नसे, म्हणून त्यांनी त्या संस्थेला कायमचं ‘दिवावाले’ करून टाकलं होतं. “आमच्या गावाकडं तर देवळात भांडे घासाले गेलं तरी कोणी नाव विचारत नाही.”

“शहर आहे, काकू. इथे सगळं नियमाने चालतं,” छाया म्हणाली. प्लेगच्या सालानंतर तिसरं वर्ष होतं. रस्ते रोज झाडले जात, कचरा टाकला की दंड होई, आणि छायाच्या मनात नियम या गोष्टीबद्दल आदर फार वाढला होता.

कागद दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर होता, टाइप केलेला, गुजरातीत. मंडळाचे मंत्री रसिकभाई पाटावर बसले होते. (मंत्री म्हणजे गांधीनगरचे नव्हेत. गुजरातीत संस्थेच्या चिटणीसाला मंत्री म्हणतात. इंदुबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही, आणि मंत्री असून माणूस स्कूटरवर फिरतो म्हणून त्या त्यांचं फार कौतुक करीत.) समोर सतरंजीवर वाती वळणाऱ्या बावीस बाया, बहुतेक खानदेशातल्या, आणि मध्ये पांढऱ्याशुभ्र वातींचा ढीग. चपला अर्थातच बाहेर.

“बेन, आ तो खाली फॉर्मॅलिटी छे,” रसिकभाई म्हणाले. माणूस वाईट नव्हता. आवाज मऊ, कपाळावर गंध, आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडे डोळे मिटायची सवय. “तमे भणेला छो. बधांने वाची आपो.” म्हणजे तुम्ही शिकलेल्या आहात, सगळ्यांना वाचून दाखवा.

बस्स. हे वाक्य नसतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बावीस बायकांसमोर कुणी ‘तुम्ही शिकलेल्या’ म्हटलं की माणसाचा आवाज आपोआप वर्गात उभा राहिल्यासारखा होतो. छायाने गुजराती वाचन बसच्या पाट्यांवर केलेलं. डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरं तिला पदर घ्यायला विसरल्यासारखी वाटत. ती अडखळत वाचू लागली, आणि तिसऱ्या कलमाशी आली: “संस्थानी कोई पण वात बहार जवी जोईए नहि.”

नेमकी त्याच क्षणी हेतल बाहेर बालमंदिराच्या झोक्यावर उभी राहिली. छायाचा एक डोळा तिकडे गेला. दुसरा समोरच्या वातींच्या ढिगावर होता.

“संस्थेची कुठलीही वात बाहेर जाता कामा नये,” तिने मराठी केलं.

आता गुजरातीत वात म्हणजे गोष्ट, बोलणं, बातमी. हे छायाला माहीत नव्हतं असं नाही. चार वर्षं रोज सकाळी दूधवाला “शुं वात छे, बेन!” म्हणत होता, तो काही कापसाबद्दल विचारत नव्हता. पण समोर वातींचा डोंगर असताना, हातात वातींचा करार असताना, आणि पोरगी झोक्यावर उभी असताना माणसाला दूधवाला आठवत नाही.

“अस्सं!” बावीस बायांनी मान डोलावली. सगळ्यांना पटलं. सगळ्यात जास्त पटलं पुष्पाबाईंना. पुष्पाबाई साठीच्या, एकट्या, तिथेच नवागामला पिठाच्या गिरणीमागे राहणाऱ्या. त्यांच्यासारखी वात मंडळात कुणी वळत नसे. कापूस त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवला की तो स्वतःहूनच वळतो की काय असं वाटे. सात वर्षं सेवा, आणि आता पहिल्यांदाच कागद.

“मी काल एक वात घर लई गयी, माय,” त्या छायाच्या कानाशी लागून म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “तुळशीपुढे लावाले. हाऊ कागद त्यानाच शे.”

“असू दे, मावशी. पुन्हा नका नेऊ म्हणजे झालं,” छायाने मोठेपणाने माफ केलं, आणि त्यांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली. वळणदार, इंग्रजीत.

त्या दिवसापासून मंडळात वातींची जी शिस्त आली ती पाहायला लांबून लोक यायला हवे होते. घरी निघताना बाया ओळीने उभ्या राहून पदर झटकत, ओचे झटकत, एकमेकींच्या अंबाड्यात बघत. एकदा छाया हेतलला घेऊन गोडादऱ्याला पोचली आणि पाहते तो पोरीच्या फ्रॉकला मागे एक वात चिकटलेली. दुपारची उन्हं, रिक्षा मिळेना. एक वात परत करायला ती पोर कडेवर घेऊन पुन्हा नवागामपर्यंत चालत गेली. वॉचमन भटूने ती वात घेतली, छायाकडे पाहिलं, पुन्हा वातीकडे पाहिलं, आणि कान कोरला.

वात बाहेर गेली नाही. बोलणं मात्र धो धो गेलं, कारण बोलण्याला कुणी बंदी केलीच नव्हती. रोजचा प्रसादाचा शिरा डालड्यात होतो आणि दाते येणार असले की तेवढा साजूक तुपात, हे आठवडाभरात लिंबायतपर्यंत पोचलं. रसिकभाई समईच्या पडद्यामागे ध्यान करतात त्या वेळी त्यांना घोरण्यासारखा आवाज येतो, हेही पोचलं. धर्मेंद्रला तर हे सगळं खात्यात कळलं आणि त्याने ते घरी येऊन छायालाच सांगितलं.

व्हायचं ते झालं. एक दिवस रसिकभाई सतरंजीसमोर येऊन उभे राहिले. डोळे मिटलेले नव्हते.

“वात बहार जाय छे!” ते म्हणाले.

सतरंजीवरच्या बायांनी एकमेकींच्या पदरांकडे पाहिलं.

“रोज जाय छे! कोण लई जाय छे?”

पुष्पाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, पण उठल्या. “भाऊ, आमी चोर शेतस का?” त्यांनी पदर सोडला आणि रसिकभाईंसमोर तो दोन्ही हातांनी झटकला. “दखी ले! शे का एक बी?” त्यांच्यामागे मंदा उठली, मग रंजना, मग सगळ्याच. बावीस पदर एकदम झटकले गेले. कापसाचे बारीक तंतू उडाले. रसिकभाई दोन पावलं मागे सरले. मराठी लोकांत चूक कबूल करायची ही काही रीत असावी असं त्यांना वाटलं असणार, कारण त्यांचा चेहरा निवळला आणि त्यांनी चक्क हात जोडले.

“बस, बस. हवे ध्यान राखजो,” म्हणजे आता जपा, असं म्हणून ते समाधानाने गेले.

“अंगावर संशय घेतला,” मंदा म्हणाली.

“पन शेवटी हात जोडीसन माफी मांगी का नही?” पुष्पाबाई म्हणाल्या. “मानूस चांगला शे.”

असं चार वेळा झालं. चारही वेळा दोन्ही बाजू समाधानाने उठल्या. छायाला वाईट वाटायचं ते एवढंच की एवढा मऊ माणूस असा चोरीचा संशय घेतो. घरी तिने धर्मेंद्रला विचारलं, “वाती मोजून द्यायची पद्धत सुरू करावी का?” “हां!” धर्मेंद्र म्हणाला.

आणि मग फळ्यावर ४०८७ लिहिलेला दिवस उजाडला.

मुंबईहून मोठे दाते यायचे होते. त्यांना घाम येऊ नये म्हणून रसिकभाईंनी लग्नाच्या मांडवात लावतात तसला उभा पंखा भाड्याने आणवला. समईच्या दालनात पंख्याला कायमची बंदी, हे रसिकभाईंनीच घालून दिलेलं. पण आज विशेष. पंखा चालतो का बघायला त्यांनी बटण दाबलं. पंखा चालला.

दालनात तेव्हा तिघंच होते. रसिकभाई, ताज्या वातींचं ताट घेऊन आलेल्या पुष्पाबाई, आणि बालमंदिरातून निसटून खांबामागे उभी असलेली हेतल. तिला शोधत छाया दाराशी आली ती नेमकी या वेळी. ज्योत एकदा आडवी झाली, एकदा उभी राहिली, आणि गेली. अकरा वर्षं दोन महिने. वर धुराची एक बारीक रेघ तेवढी राहिली.

“फू!” हेतल टाळ्या वाजवत म्हणाली.

रसिकभाईंचा चेहरा पाहून छायाला त्यांची खरंच दया आली. मग त्यांनी माणसं घाबरली की करतात ते केलं, म्हणजे आधी पुरावा उचलला. समईचं वरचं तबक, त्यात ती धुमसती विझकी वात आणि वाटीभर कढत तूप, दोन फडक्यांत धरून ते मागच्या अंगणाच्या दाराकडे धावले. वात फेकून द्यायची, नवी लावायची, दाते यायच्या आत. फळा काही बोलणार नव्हता.

दारात पुष्पाबाई आडव्या झाल्या.

“वात बाहेर जावाले नको!” त्या म्हणाल्या. “तुमीच लिखेल शे, भाऊ! मी आंगठा देयेल शे!”

“हटो, बेन!”

“नही!” चार वेळा पदर झटकून घेतलेली बाई होती ती. चार वेळा चोरीचा आळ सोसून आता तिने खरा चोर दारात पकडला होता. तिने उजवा हात पुढे घातला आणि तबकातली वात धरली.

त्यापुढचं छायाला थोडक्यातच सांगता येतं. तबक कललं. तूप मनगटापासून बोटांपर्यंत गेलं. पुष्पाबाई ओरडल्या नाहीत. त्या खाली बसल्या. वात त्यांनी सोडली नव्हती.

दहा मिनिटांत समई पुन्हा तेवत होती. वीस मिनिटांत दाते आले, त्यांनी फळ्याला हात जोडले, शिरा खाल्ला. साजूक तुपातला. पुष्पाबाईंच्या हाताला कोठीघरात कुणीतरी शाई लावली होती आणि वर संस्थेचं भगवं फडकं बांधलं होतं. आणि दाते गेल्यावर रसिकभाईंनी रिक्षा बोलावली. छायाला वाटलं, दवाखान्यासाठी. ती रिक्षा दवाखान्यावरून गेली खरी. थांबली कोर्टाच्या आवाराबाहेर, टाइपरायटरांच्या रांगेशी, नोटरीसमोर.

नवा कागद आधीच टाइप होत होता. रसिकभाईंनी तो छायाकडे दिला. “वाची आपो, बेन.” मग हेतलच्या डोक्यावर हात ठेवून, अगदी मऊ आवाजात: “बेबीने अमारे त्यां फावी गयुं छे ने?” बेबीला आमच्याकडे रमलंय ना.

छायाने वाचलं. ‘आजनी वात हुं कोईने करीश नहि.’ आजची वात मी कोणालाही करणार नाही. कोणी वात ‘करत’ नाही. वात वळतात. तिला दूधवाला आठवला. बावीस पदर आठवले. बी.ए. आठवलं.

“काय लिखेल शे, माय?” पुष्पाबाईंनी विचारलं. त्यांच्या ओठांवर घाम होता.

छायाने हेतलकडे पाहिलं. फाटकाकडे पाहिलं म्हणायचं तर तिथे फाटक नव्हतं, पण तिला ते दिसलं, खांद्याच्या उंचीवरच्या कडीसकट.

“वातीचंच आहे, मावशी,” ती म्हणाली. “तेच जुनं.”

हे वाक्य तिचं तिलाच इतक्या वेळा ऐकू आलं आहे की आता त्याचा अर्थ गुळगुळीत झाला आहे.

पण कागद तरी सरळ व्हावा! नोटरी म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून काम करणारे एक थकलेले गृहस्थ. ते म्हणाले, पुरुषाचा डावा अंगठा, बाईचा उजवा. बाईचा उजवा फडक्यात होता. मग डावा चालेल का? चालेल, पण डावा का घेतला याचं कारण कागदावर लिहावं लागेल. रसिकभाई म्हणाले, कारण लिहिता येणार नाही. का? कारण ते कारण कोणाला सांगायचं नाही असंच तर कागदात आहे. नोटरींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कारणाशिवाय शिक्का नाही. शिक्क्याशिवाय कागद नाही. रसिकभाईंनी डोळे मिटले. पाऊण तास हे चाललं, आणि तेवढा वेळ पुष्पाबाई बाकावर हात छातीशी धरून बसल्या होत्या, आणि मधून मधून विचारत होत्या की आपल्यामुळे सगळ्यांना उशीर होतो आहे का. शेवटी ‘डावा अंगठा: कारण खानगी’, म्हणजे खासगी, असं लिहून शिक्का बसला.

मग रसिकभाईंनी हेतलला पुढे केलं. “आ बेबीनो पण.”

“वय?” नोटरींनी विचारलं.

“तीन,” छाया म्हणाली.

“पंदर वरस पछी आवजो,” नोटरी म्हणाले, म्हणजे पंधरा वर्षांनी या, आणि पेन बंद केलं. त्या दिवसात शहाणपणाचं बोललेला तो एकटाच माणूस. छायाने स्वतःच्या कागदावर सही केली, हेतलच्या वतीनेही मग तिच्याकडूनच लिहून घेतलं, आणि एक प्रत तिच्या हाती दिली. नोटरीच्या टेबलापुढे पायपुसण्यापाशी चपला काढायची पद्धत होती. हे तिच्या सही झाल्यावर लक्षात आलं.

हेतलने करार त्याच संध्याकाळी मोडला. “दिवा फू!” ती दिसेल त्याला सांगू लागली. इंदुबाईंना वाटलं लाइट गेली. त्या उठून बटण दाबून आल्या. “आहे की वं. कुठं गेली?” “फू!” हेतल. छायाने तिच्या तोंडावर हात ठेवला, आणि ठेवल्यावर तो हात कुठे ठेवावा हे तिला कळेना.

पुष्पाबाई सेवेला यायच्या थांबल्या. छाया सहाव्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेली. दार निळं, आत एक चूल, एक पेटी, बाहेर डब्यात तुळस. भगवं फडकं अजून तेच होतं. कोपरापर्यंत सूज. खोलीला वास येत होता.

“दवाखान्यात नाही गेलात, मावशी?”

“गयथू ना.” गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात त्या गेल्या होत्या. डॉक्टरने विचारलं, काय झालं? आता कागदावर अंगठा दिलेला. सांगायचं तर कसं सांगायचं? फडकं त्यांनी सोडू दिलं नाही. फार खोदून विचारल्यावर त्या एवढंच म्हणाल्या: “वात.” डॉक्टरने मान हलवली आणि वाताच्या गोळ्या दिल्या. संधिवाताच्या. शिवाय सांधे चोळायला तेल. पुष्पाबाई तीन दिवस ते तेल भाजल्या हाताला, फडक्यावरून, चोळत होत्या.

छायाला हसू आलं. आलं, हे खोटं कशाला सांगा. मग तिला कळलं की आपण रडतो आहोत. आणि मग, पोर कडेवर, पाय दुखताहेत, अशा अवस्थेत तिने उंबऱ्यावर बसून सगळं सांगून टाकलं. की वात म्हणजे वात नव्हे. की वात म्हणजे बोलणं. की पहिल्या दिवशी ती चुकली, आणि नोटरीपुढे ती चुकली नाही, खोटं बोलली. की तुळशीपुढच्या एका वातीचं कुणाला काहीही पडलेलं नव्हतं.

पुष्पाबाईंनी फडक्यातल्या हाताकडे असं पाहिलं, जसं कुणा पाहुण्याकडे बघावं.

“मंग मी हात कसाले घाला, माय?”

तिथून छाया थेट मंडळात गेली. चपला न काढता गेली, हे मुद्दाम सांगायला हवं. भटू “बेन, चप्पल!” म्हणत मागे धावला. फळ्यावर ४०९३ लिहिलं होतं. “रसिकभाई, पुष्पाबाईंना मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. आज. मंडळाच्या खर्चाने. त्या दिवशीच्या त्या गोष्टीमुळे त्यांचा हात—”

रसिकभाईंनी डोळे उघडले. अगदी मऊ आवाज. “कई वात, बेन?”

कुठली गोष्ट? एवढंच. आणि ते खोटं बोलत होते असंही म्हणता येईना. कागदाप्रमाणे तशी गोष्टच नव्हती.

छायाने एव्हाना झोक्यावर जाऊन बसलेल्या हेतलला उतरवलं. हेतल रडली, फाटकाच्या कडीला हात पोचवायला बघत रडली. ती कडी बाहेरून उघडता येते आणि आतून नाही, हे छायाच्या त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. इतके दिवस ती त्या कडीकडे फक्त बाहेरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती धर्मेंद्रला खाडा करायला लावून, रिक्षा घेऊन नवागामला गेली. निळ्या दारावर थाप मारली. “मावशी, मी छाया. चला, दवाखान्यात जाऊ.” आतून कडी लागल्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी ती आवाज न करता गेली, पण हेतल मोठ्याने “दिवा!” म्हणाली आणि आतून कडी लागली. इंदुबाई जाऊन आल्या. त्यांनी दाराबाहेरून ‘छायानं पाठवलं’ असं सांगितलं, आणि तिथेच चुकलं. खिडकीतून खोकल्याचा आवाज येतो. तुळशीला पाणी घातलेलं असतं. डाव्या हाताने घातल्यासारखं, निम्मं बाहेर सांडलेलं.

“पोलिसात जाऊ,” छाया म्हणाली.

“कागद दखाडतीन ते,” लोटूआप्पा म्हणाले. त्यांनी तिचा कागद मागून घेतला, मागून-पुढून पाहिला, आणि बोट ठेवलं. “हाई काय लिखेल शे?”

“‘हुं’. म्हणजे मी. ‘मी कोणाला सांगणार नाही.’”

“मंग तू ‘मी’ म्हनूच नको,” आप्पा म्हणाले. “‘ती’ म्हन. तीनी काही सही करेल नही.” आणि बत्तीस वर्षांत प्रथमच एका कागदावर मात केल्यासारखे ते स्वतःशी हसले.

तर हे सगळं छायाचं झालं. तिने कोणालाही काही सांगितलेलं नाही.

तिची एकच विनंती आहे. तुम्ही नवागामच्या बाजूला कधी गेलात, आज गेलात तर फार बरं, तर पिठाच्या गिरणीमागच्या गल्लीत तिसरं, निळं दार आहे. डब्यात तुळस आहे. थाप मारा. छायाचं नाव घेऊ नका, मंडळाचं घेऊ नका. दारात चपला काढू नका, म्हणजे त्यांना तुम्ही कागद घेऊन आलेले वाटणार नाही. उजवा हात कसा आहे एवढं बघा. फडकं सोडू देतील तर बघा. कशाने भाजलं ते विचारू नका, त्या सांगणार नाहीत. डॉक्टरकडे तुम्ही सांगा, तुम्ही कुठे सही केली आहे? आणि जाताना एक वात घेऊन जा. साधी, दुकानातली. तुळशीपुढे लावा.